बिराजदारकाकूंचं बुकिंग

दुसऱ्याच्या घरात, घरमालकीण भाजी आणायला गेलेली असताना, दारात आलेल्या माणसाला "इथं जागा नाही" असं ठणकावून सांगून परत पाठवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल तर मला पाहा. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. नांदेडच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. वर्ग सुटला होता, शिकवायची खोड सुटली नव्हती.

माझी नात ऋतुजा दहावी झाली आणि डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला निघाली. आमच्याकडं ज्याला डॉक्टर व्हायचं ते पोर आधी लातूरला जातं, यात विचारण्यासारखं काही नसतं. मुलगा आणि सून दोघंही बँकेत. "आई, तुम्ही रिकाम्याच आहात," असं म्हणून त्यांनी मला तिच्यासोबत पाठवलं. क्लासच्या मागच्या गल्लीत बिराजदार नावाच्या बाई मुलींना कॉट भाड्यानं देतात, हे मी आधीच काढून ठेवलं होतं. फोन करून, शाळेच्या तपासणीला साहेब आले की काढायचे त्या आवाजात सांगितलं होतं, "खिडकीजवळची कॉट आमच्यासाठी रिझर्व्ह ठेवा." पलीकडून उत्तर आलं, "तुमी या तर खरं." मी ते कन्फर्म समजले.

पोचलो तेव्हा मुली क्लासला गेलेल्या. स्वयंपाकाच्या बाईनं दार उघडलं, "काकू बाजारला गेल्यात" म्हणाली आणि पुन्हा कणकेत हात घालायला गेली. वरच्या खोलीत खिडकीजवळची कॉट मोकळी होती. म्हणजे तिच्यावर एक जुनी गोधडी घडी करून ठेवलेली होती, लुगड्यांच्या तुकड्यांची, चुलीच्या धुराचा वास असलेली. मागच्या वर्षीची कोणी पोर विसरून गेली असेल, असं मी ठरवलं. गोधडी उचलून माळ्यावर टाकली आणि ऋतुजाची कोरी, फुलाफुलांची चादर अंथरली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, प्रवासानं धुळकटलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला.

"हितं आमच्या पोरीची जागा धरली हाय म्हणं. हिमायतनगरकडून आलो."

"इथली प्रत्येक कॉट बुक आहे," मी म्हटलं. "ही आमची. फोनवर रिझर्व्ह केलेली."

त्यानं कॉटकडं पाहिलं, चादरीकडं पाहिलं. "म्हणजे जागा न्हाई."

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला आणि पाणीही न पिता जिना उतरून गेला. किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत पोरांच्या चेहऱ्यावरून खोटं ओळखायचा मला अभिमान होता, आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर आलेला सुटकेचा भाव मला दिसला नाही.

काकू आल्या. बुटक्या, रुंद, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, दोन्ही हातांत पिशव्या. माहेर निलंग्याकडचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच एखादा कानडी शब्द ठेच लागल्यासारखा यायचा. त्यांनी मला राम राम केला नाही, चादर पाहिली.

"हितली गोधडी?"

"माळ्यावर ठेवली. कोणीतरी विसरलं होतं."

"अय्यो. कोण आलतं का?"

मी अगदी ऐटीत सगळी हकिगत सांगितली. काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या आणि फरशीवर बसल्या. मला वाटलं दमल्या असतील.

"म्याडम, तुमी शिकवीत काय होता?"

"इंग्रजी."

"मंग मला जरा सांगा की, बुक म्हणजे काय असतंय?"

आता हा प्रश्न मला विचारायचा म्हणजे भुकेल्यापुढं ताट सरकवायचं. मी सुरू झाले. बुक करणं म्हणजे आपण होऊन एखादी जागा आपल्या नावावर करून घेणं. रिझर्व्ह करणं म्हणजे ती जागा दुसऱ्या कोणाला न देता राखून ठेवणं. बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात, पण चांगल्या इंग्रजीत थोडा फरक पाळतात. मी उदाहरणादाखल एक हॉटेलचं वाक्य सांगितलं, एक आगगाडीचं सांगितलं. ऋतुजा माझा पदर ओढत होती.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे बुक करायचं येणाऱ्यानं, आन् राखायचं घरच्यानं."

"अगदी बरोबर."

"मंग मी उन्हाळ्यापासून राखत बसले होते. मेथी आणायला गेले तेवढ्यात तुमी वाट लावली."

आणि मग त्यांनी सांगितलं. ती गोधडी अश्विनी नावाच्या मुलीची. तिची आई उन्हाळ्यात नवऱ्याला लग्नाला जाते म्हणून सांगून एकटी लातूरला आली आणि ती अंथरून गेली. जागा धरल्याचं कळल्यावरही बाप, दत्तराव, हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. आधी जागा बघून येतो, मग सांगतो, एवढंच म्हणाला होता.

"त्याला एक कारण पायजे होतं," काकू म्हणाल्या. "तुमी दिलंत."

त्या उठल्या, माळ्यावरची गोधडी काढली, गच्चीवर नेऊन झटकली आणि पुन्हा कॉटवर अंथरली. ऋतुजाची चादर घडी करून माझ्या हातात दिली. ऋतुजासाठी त्यांनी स्वतःच्या खोलीत जागा काढून ठेवली होती, आमच्या फोननंतर लगेच. मी न विचारता वर चढले नसते तर एवढं कळायला काही वेळ लागला नसता.

काकूंकडं जागा धरायची रीत होती ती अशी. आगाऊ पैसे त्या घेत नसत. "पैसे टाकणारे चार ठिकाणी टाकत्यात," म्हणत. घरी जी गोधडी पांघरून पोरगी झोपते तीच आणून कॉटवर टाकायची. नवी, दुकानातली चालत नसे. ती टाकली की जगबुडी आली तरी कॉट त्या पोरीची. मुली जून-जुलैत येत, गोधड्या एप्रिल-मेमध्ये. भर उन्हाळ्यात त्या रिकाम्या घरात नुसत्या गोधड्या राहायला आलेल्या असत आणि काकू संध्याकाळी त्यांच्या खोल्यांतूनही फिरून यायच्या.

यात त्यांचं नुकसान व्हायचं आणि त्याची त्या वाच्यता करत नसत, पण मुली करत. एका साली एका मुलीनं गोधडी टाकली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या, दिवसभर गरम पाणी मिळणाऱ्या हॉस्टेलात जाऊन राहिली. कॉट तशीच राहिली. ती मुलगी रोज क्लासला काकूंच्या दारावरून जायची. काकू फाटकात उभ्या राहून रोज विचारायच्या, "येतीस का गं?" शेवटी त्या पोरीनं रस्ता बदलला. काकू मग दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. हे सांगताना मुली हसत, काकू हसत नसत. "तिनं न्हाई म्हणलंच न्हाई की," एवढंच म्हणत.

'बुक' हा शब्द त्यांना फार आवडायचा. भाजीवाल्याकडं शेपू बुक असे. गच्चीवरच्या उन्हाचा एक तुकडा पापडासाठी बुक असे, तिथं त्या पाट नेऊन ठेवत. गुडघा डॉक्टरांकडं बुक असे. सोमवारी महादेवाच्या देवळातला खांबाजवळचा कोपरा बुक असे, आणि तिथं दुसरी कोणी बसलेली दिसली तर काकू शेजारी उभ्या राहून इतक्या जोरात जप करत की ती बाई आपोआप सरकायची.

त्या गोड बाई होत्या असा समज करून घेऊ नका. गिझर सकाळी सहाला बंद म्हणजे बंद, अंगाला साबण लागलेला असो की डोक्याला. मुलींचे फोन उघड उघड ऐकत. रडणाऱ्या मुलीला जवळ घ्यायच्या ऐवजी वाढून देत, आणि ती नको म्हणाली तर आणखी वाढत. झोप कमी, काळजी फार. संध्याकाळी दारातल्या चपला बघत बसत. कोणाची नाही ते त्यांना चपलांवरून कळे. एकीनं एकदा न सांगता नवे सँडल आणले तर काकूंनी जिन्यात कोणी परका शिरला म्हणून आरडाओरडा केला होता.

मी दोन दिवसांसाठी गेले होते. राहिले जास्त, कारण जाववेना. क्लास सुरू झालेले. अश्विनीच्या आईचा नंबर लावला की दत्तराव उचलत आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून देत. काकू पुन्हा लावत. तोच आवाज, तोच राँग नंबर. मी म्हटलं, "काकू, तो ओळखून बोलतोय." त्या म्हणाल्या, "म्हणून तर लावायली. एक दिवस चुकून आई उचलंल."

आणि रोज कोणी ना कोणी जागा मागायला दारात. कॉट सगळ्यांना दिसायची, खिडकीजवळची, हवेशीर. नायगावचे एक गृहस्थ तर मुलीला आणि ट्रंकेला घेऊनच आले.

"कॉट तर मोकळी दिसायली की, काकू."

"भरलेली हाय."

"माणूस कुठं हाय मग?"

"यायलंय."

"कवा येणार?"

"तुमी चहा घेणार का पाणी?"

गृहस्थ माझ्याकडं वळले. शिकलेली बाई दिसते, हिला पटेल, असं त्यांना वाटलं असावं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. या घरात उत्तरं द्यायची नाहीत एवढं मला तोवर कळलं होतं. पण मीही काही साधी नव्हे. ते गेल्यावर मी हळूच म्हटलं, "काकू, ती येईपर्यंत ऋतुजा झोपली तिथं तर काय बिघडलं? आली की उठेल."

काकू ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबलं.

"म्याडम, दत्तराव परत एकदा येणार. त्याची बायको आणंल त्याला, माझा भरवसा हाय. तो जिना चढून वर येणार आन् पयल्यांदा कॉट बघणार. तिथं तुमची नात पालथी पडून वाचत बसली आसंल तर तो पोरीला काय म्हणंल? 'बघ, मी सांगत नव्हतो?' तो दुसऱ्यांदा जिना उतरला की पोरगी गेली. मंग मी ती कॉट कोणालाबी दिली तर काय उपेग?"

त्यानंतर मला जेवण जाईना. गल्लीत जीप थांबली की मी खिडकीशी. पांढरा सदरा दिसला की मी जिन्याच्या तोंडाशी. जन्मभर मी मुलींना शिकवलं असं सांगत फिरणारी मी, एका मुलीचं शिक्षण दोन वाक्यांत संपवून बसले होते, आणि तेही व्याकरणशुद्ध.

एके दिवशी सकाळी काकू नवं पातळ नेसून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "चला."

"कुठं?"

"हिमायतनगरकडं. तुमीबी. न्हाई म्हणलेलं तोंड तुमचं हाय, त्याच तोंडानं हो म्हणायचं."

काकूंना गाडी लागायची. त्या घर सोडून कुठं जात नाहीत याचं खरं कारण तेच, हे मला बस लातूरच्या बाहेर पडायच्या आधीच कळलं. लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून त्या लातूर ते नांदेड बसून होत्या. मधूनच एक डोळा उघडून विचारत, "ऋतुजाला नीट सांगितलंय ना? भरलेली हाय म्हणायचं." रात्री आमच्याकडं मुक्काम केला. सकाळी पुन्हा लिंबू, पुन्हा बस, शेवटी टमटम.

दत्तराव अंगणात सोयाबीनचं बियाणं निवडत बसले होते. मला त्यांनी लांबूनच ओळखलं.

"ह्या बाईंनीच सांगितलं जागा न्हाई म्हणून."

"ह्यांचं मनाला लावून घेऊ नका," काकू म्हणाल्या. "ह्या शिक्षिका हायत. घर कोणाचंबी असू द्या, उत्तर ह्याच देत्यात."

एरवी मी हे ऐकून घेतलं नसतं. "माझी चूक झाली," मी म्हटलं. "ती कॉट तुमच्या मुलीचीच आहे. अजून तशीच आहे."

"आता उशीर झाला. पुढल्या साली बघू."

"पुढल्या साली तिच्यासाठी पोरगा बघताल," काकू म्हणाल्या.

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता, तो थांबला. दाराच्या फटीत एक वेणी दिसत होती.

दत्तरावांनी हातातलं बियाणं परत ढिगात सोडलं. "मी काय पोरीचा वैरी हाव? आमच्या पाहुण्यातली एक गेली होती लातूरला. हसती खेळती पोरगी. दिवाळीला आली ती कोणाशी बोलंना. तिच्या बापाला इचारलं काय झालं, तर त्या माणसाला सांगता येईना. उद्या माझी तशी झाली तर मला हितं बसून कळंल का?"

"न्हाई कळणार," काकू म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. एवढ्या लांब येऊन हे सांगायचं होतं?

"तुमाला न्हाई कळणार. मला कळंल. पोरगी भाकर कुस्करत बसली, खाईना, की मला कळतंय. मंग मी फोन लावते. आईला न्हाई, बापाला. आईला पोरी खोटं सांगत्यात, बापाला सांगता येत न्हाई."

"आन् तुमालाबी न्हाई कळलं तर?"

काकूंनी कमरेला खोचलेलं लिंबू काढलं. लिंबू या हातातून त्या हातात गेलं.

"तसं व्हईल म्हणून तर मला झोप न्हाई," त्या म्हणाल्या. "दुसरं काई मला सांगता येत न्हाई."

दत्तरावांनी आम्हाला चहा पाजला. टमटमपर्यंत सोडायला आले. "बघू," म्हणाले.

परतीच्या बसमध्ये काकूंनी विचारलं, "म्याडम, बघू म्हणजे इंग्रजीत काय?"

"टेंटेटिव्ह म्हणतात. धरलंय, पण घट्ट नाही."

"मंग आमच्या घरातलं समदं तसलंच हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

मी नांदेडला उतरले, त्या एकट्या पुढं गेल्या. त्यानंतरचे दिवस मी फोन हातात धरून काढले. सून म्हणाली, "आई, एवढी काळजी तुम्ही माझ्या बाळंतपणात केली नव्हती." खरंच केली नव्हती.

मग एका दुपारी ऋतुजाचा फोन आला, कुजबुजत. "आजी, आलेत. दोघंही. काका कॉटवर बसलेत. आता उठले. कॉट हलवून बघतायत. खिडकी उघडली. खाली काय दिसतं ते बघतायत. आता दाराची कडी लावून बघतायत. आजी, ते नळाचं पाणी पिऊन बघतायत."

"आणि काकू?"

"भिंतीला टेकून उभ्यात. "

दत्तराव जिना उतरून गेले, अर्ध्या रस्त्यातून परत आले, काकूंकडं आधीच असलेला आपला नंबर त्यांना पुन्हा एकदा सांगितला आणि मग गेले. अश्विनी गोधडीवर बसून राहिली. काकू खाली आल्या, स्वयंपाकघरातच आडव्या झाल्या आणि दिवेलागणीपर्यंत झोपल्या. त्यांना दिवसा झोपलेलं त्या घरात तोवर कोणी पाहिलं नव्हतं. पोरी पाय न वाजवता जिना चढत होत्या.

पुढं दोन वर्षं अश्विनी तिथं राहिली. भाकर कुस्करत बसली, तीही दोनदा, आणि दोन्ही वेळा काकूंनी हिमायतनगरला फोन लावला. एकदा दत्तराव पुढच्या गाडीनं येऊन पोरीला नुसते भेटून गेले. ऋतुजानंही एकदा कुस्करली होती, तो फोन माझ्या मुलाला आला, मला नाही. माझ्यावर काकूंचा एवढाच भरवसा. अश्विनी आज काय करते ते मी सांगत नाही. सांगितलं की लोक "चला, चीज झालं" म्हणून पान उलटतात, आणि ती तिथं पोचलीच नसती ही भीती वाचणाऱ्याच्या मनातून निघून जाते. माझ्या मनातून ती गेलेली नाही. आता ऋतुजा मोबाइलवर बोट फिरवून कुठंही खोली बुक करते आणि मी तिला विचारते, "तिथल्या माणसाला माहीत आहे का गं, आपण येणार ते?" ती म्हणते, आजी, कन्फर्म्ड लिहिलंय.

त्या घरात मी शेवटची गेले ती परीक्षा संपल्यावर, ऋतुजाला आणायला. खोल्या रिकाम्या होत चालल्या होत्या. दत्तराव जीप घेऊन आले होते, अश्विनीचं सामान चढलं, ती काकूंच्या पाया पडली. काकूंनी तिला "खात जा" एवढंच म्हटलं. जीप गेली. काकू गच्चीवर जाऊन गाद्यांना काठीनं बडवायला लागल्या, मी निरोप घ्यायला वर गेले. ऊन रणरणत होतं, धूळ त्यांच्या केसांत, कपाळावरची विभूती घामानं पुसलेली. मी जरा लाडात येऊन विचारलं, "काकू, त्या दिवशीचा माझा राग आता तरी गेला का?"

त्यांनी काठी थांबवली नाही. जीप गेली त्या वळणाकडं बघत म्हणाल्या, "ते मरू द्या म्याडम. तिची धाकटी बहीण औंदा धाव्वीत गेली. आत्ता जीपमध्ये बसताना दत्तराव मला म्हणले, एक शिकली तेवढं बास झालं. तवा पुढल्या उन्हाळ्यात तुमी नांदेडात तयार ऱ्हावा, मी हितून निघते. आन् तिथं गेल्यावर तुमी तोंड उघडायचं न्हाई."